ॲपलेशियन ट्रेल, डेलावेअर ते पॉलिंग: टप्प्याटप्प्याने चालणाऱ्याचे परीक्षण

ॲपलेशियन ट्रेल ही जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे 2,200 मैलांची, म्हणजे साधारण साडेतीन हजार किलोमीटरांची पायवाट आहे. प्रस्तुत परीक्षण तिच्यातल्या न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या दोन राज्यांतल्या जवळपास 160 मैलांपुरते मर्यादित आहे, आणि तेही ही वाट सलग न चालता, शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या साधून तुकड्यातुकड्यांनी चालणाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेले आहे. डोंगरातल्या वाटेचे परीक्षण कसले करायचे, असे कोणी म्हणेल. परंतु झाडांवरच्या खुणा, निवारे, अस्वलांपासून अन्न वाचवणाऱ्या पेट्या, दलदलीवरचे लाकडी पूल, नकाशे, वाहनतळ आणि वाटेच्या तोंडाशी थांबणारी आगगाडी या सगळ्या कोणीतरी पुरवलेल्या सेवा आहेत, आणि सेवा म्हटली की तिच्याविषयी बरेवाईट बोलता आलेच पाहिजे.

ही वाट एका दमात पूर्ण करायला बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात, आणि सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्साच शेवटपर्यंत पोहोचतो. एच-वन व्हिसावर येऊन न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा पार्सिपनीत बिऱ्हाड थाटलेल्या मराठी माणसाला इतके महिने नोकरी सोडून डोंगरात राहणे ही चैन परवडणारी नाही; मुलांच्या शाळा आणि घराचे हप्ते सांभाळणाऱ्या कोणालाच ती परवडत नाही. त्यामुळे तुकड्यांनी चालणे म्हणजे दुय्यम प्रतीचे चालणे, असा एक समज आढळतो. त्या समजाला इतिहासाचा आधार नाही. बेंटन मकाय यांनी 1921 मध्ये या वाटेची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शहरात राबणारा, थोड्या दिवसांची सुटी मिळणारा माणूस होता. संपूर्ण वाट सर्वप्रथम पायाखाली घातली ती मायरन एव्हरी यांनी, 1936 मध्ये, आणि तीही तुकड्यातुकड्यांनीच, अंतर मोजण्याचे चाक हाताने ढकलत. सलग चालून ती पूर्ण करणारे पहिले गृहस्थ अर्ल शेफर त्यानंतर बारा वर्षांनी, 1948 मध्ये आले. वाटेची व्यवस्था पाहणारी ॲपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही संस्था आजही दोन्ही प्रकारच्या चालणाऱ्यांची एकाच यादीत, एकाच नावाने नोंद करते.

फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. सलग चालणाऱ्याच्या वाटेला दोनच टोके असतात. तुकड्यांनी चालणाऱ्याच्या प्रत्येक तुकड्याला दोन टोके असतात, आणि त्या प्रत्येक टोकाशी कसे पोहोचायचे आणि तिथून घरी कसे परतायचे, हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवावा लागतो. या दोन राज्यांत चालताना माझे मत असे झाले आहे की टप्प्याची प्रत डोंगरावर ठरत नाही, ती खाली रस्त्यावर ठरते. वाटेच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. टोकांना तसे देता येत नाहीत.

आधी वाटेविषयी. खुणांची व्यवस्था इतकी साधी आणि इतकी नेटकी आहे की सह्याद्रीत दगडांवरचे अस्पष्ट बाण शोधत फिरलेल्या माणसाला तिचे विशेष कौतुक वाटते. झाडाच्या खोडावर किंवा कातळावर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असा पांढरा पट्टा रंगवलेला असतो. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आले असे समजायचे, आणि वरचा पट्टा ज्या बाजूला सरकवलेला असेल त्या बाजूला वळायचे. पाणी, निवारा किंवा देखाव्याची जागा यांच्याकडे जाणाऱ्या उपवाटांवर निळे पट्टे असतात. या दोन राज्यांतल्या वाटेची देखभाल 1920 मध्ये स्थापन झालेली न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था स्वयंसेवकांकरवी करते. वादळात आडवा पडलेला ओक वृक्ष पुढच्या खेपेला करवतीने कापून बाजूला सारलेला दिसतो आणि उताराला पाणी वळवण्यासाठी आडवे दगड बसवलेले दिसतात. हे काम करणाऱ्या माणसांना त्याचा एक डॉलरही मिळत नाही, हे आपण सहज विसरतो.

न्यू जर्सीतला भाग सुमारे 72 मैलांचा आहे. त्याची सुरुवात डेलावेअर वॉटर गॅप या खिंडीत होते, जिथे डेलावेअर नदीने किटाटिनी डोंगराची सलग धार मधोमध कापलेली आहे. सुरुवातीचा मैल मात्र निराशा करतो, कारण त्याच खिंडीतून आंतरराज्य महामार्ग 80 जातो आणि ट्रकांची घरघर डनफील्ड ओढ्याच्या काठाने बराच वेळ पाठ सोडत नाही. पुढे साडेतीन-चार मैलांवर सनफिश पाँड हे हिमनदीने कोरलेले तळे लागते. 1960च्या दशकात वीज कंपन्यांना हे तळे जलविद्युत प्रकल्पाच्या साठवणुकीसाठी हवे होते. त्याविरुद्ध निघालेल्या पदयात्रांपैकी एकीत 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः चालले, आणि अखेर तळे वाचले. त्याच काळात खाली डेलावेअरवर टॉक्स आयलंड धरण बांधायचे ठरले होते. त्यासाठी खोऱ्यातली घरे आणि शेते सरकारने ताब्यात घेतली, कुटुंबे उठवली, आणि धरण मात्र कधीच झाले नाही. आज ज्या राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रातून आपण मजेत चालतो, ती त्या धरणग्रस्तांची जमीन आहे. कोयना आणि मुळशीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या वाचकाला हे ठाऊक असलेले बरे.

धारेवरची वाट चढाला सोपी आणि पावलांना अवघड आहे. उंची काहीच नाही: न्यू जर्सीचे सर्वोच्च ठिकाण असलेले हाय पॉइंट 1,803 फुटांचे आहे, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्यानेही नाही. त्या आकड्यावर भुलून पातळ तळव्यांचे बूट घालून येणारे लोक दुपारपर्यंत लंगडू लागतात, कारण पायांखाली सतत गारगोटीमिश्रित खडकाचे सुटे, कोनदार तुकडे असतात. आपल्याकडच्या घसाऱ्यावर पाय सरकतो. इथे तो अडकतो आणि घोटा मुरगळतो. जाड तळव्याचा बूट आणि एक तरी काठी हवी. खिंडीपासून साधारण दहा मैलांवर मोहिकन आउटडोअर सेंटर हे पर्वतारोहण संघटनेचे विश्रामस्थान आहे. लहान मुलांसह किंवा पुण्याहून आलेल्या आईवडिलांसह एक रात्र छपराखाली काढायची असेल तर पूर्वनोंदणी करून येथे राहावे.

तेथून कल्व्हर्स गॅपपर्यंतच्या भागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. उन्हाळ्यात तो पानांचा बोगदाच असतो, आणि सलग सतरा-अठरा मैल बोगद्यातून चालण्याचा कंटाळा येणे यात चालणाऱ्याचा दोष नाही. हा भाग सप्टेंबरच्या मध्यानंतर करावा, तेव्हा ससाण्यांचे आणि रुंदपंखी बाजांचे थवे याच धारेवरच्या वाऱ्याचा आधार घेत दक्षिणेकडे जात असतात. कल्व्हर्स गॅपच्या पुढे 1,653 फुटांवर सनराइज माउंटन आहे. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी तिथे बांधलेला दगडी खांबांचा मंडप भर वाऱ्यात जेवायला बसण्यासाठी उत्तम आहे. हाय पॉइंटवरचा 220 फुटांचा स्मारकस्तंभ वाटेवर नाही, थोडा बाजूला आहे. वाटेवरच्या लाकडी मचाणावरून तो पुरेसा दिसतो, आणि गर्दीत जाऊन त्याच्या पायथ्याशी उभे राहण्याने काही वेगळे हाती लागत नाही, असे माझे मत आहे.

या राज्यातला सर्वांत देखणा टप्पा धारेवर नाहीच. हाय पॉइंटनंतर वाट डोंगर सोडून खाली शेतांत उतरते, वॉलकिल नदीच्या पक्षी अभयारण्याच्या कडेने जाते आणि व्हर्नन गावाजवळ पोचक ओढ्याच्या दलदलीत शिरते. पूर्वी येथे चालणाऱ्यांना डांबरी रस्त्यावरून वळसा घालावा लागे. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून दलदलीवर जवळपास मैलभर लांबीचा फळ्यांचा मार्ग आणि ओढ्यावर एक झुलता पूल उभारला. फळ्यांवर चालताना दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे पाणकणीस असते, खांद्यावर लाल डाग असलेले काळे पक्षी त्याच्या दांड्यांना लटकून ओरडत असतात, आणि फळीच्या कडेवर ऊन खात बसलेले कासव आपली पावले जवळ येताच पाण्यात टुपकन उडी टाकते. पावसानंतर फळ्या निसरड्या होतात, तेवढी काळजी घ्यावी. दलदल ओलांडल्यावर वाट कुंपणावरची शिडी चढून गाईंच्या कुरणात उतरते. गाई वाटेवरच बसलेल्या असतात आणि उठण्याची त्यांची तयारी नसते. अशा वेळी वळसा आपणच घालावा.

लगेच पुढे राज्यमार्ग 94 ओलांडला की वावायांडा डोंगराचा चढ सुरू होतो. या चढाला लोकांनी ‘स्टेअरवे टू हेवन’ असे नाव दिले आहे. सुमारे दीड मैलात नऊशे फूट चढायचे असतात, मोठमोठ्या शिळा पायऱ्यांसारख्या रचलेल्या आहेत, आणि माथ्यावरच्या निळ्या पट्ट्यांच्या उपवाटेने पिनव्हील व्हिस्टावर गेले की आपण ओलांडून आलेली सगळी दलदल, शेते आणि क्षितिजावर हाय पॉइंटचा स्तंभ एका नजरेत येतो. तुकड्यांनी चालणाऱ्याला आपण काय काय चाललो हे असे सलग फार क्वचित दिसते, म्हणून मी हा टप्पा पश्चिमेकडून पूर्वेकडेच करावा असे आग्रहाने सांगेन. ऑक्टोबरमधल्या रविवारी मात्र येथे इतकी गर्दी असते की रस्त्याच्या कडेला अर्धा-अर्धा मैल गाड्या लागतात. सकाळी आठच्या आत पोहोचता येत नसेल तर त्या दिवशी दुसरा टप्पा निवडावा. खाली रस्त्यालगत हेवन हिल फार्म हे शेतमालाचे दुकान आहे, आणि हंगामात तेथे मिळणारे सफरचंदाचे सायडर डोनट चढापूर्वी नव्हे तर उतरल्यावर खावेत.

निवाऱ्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडच्या गडावरच्या देवळात किंवा गुहेत मुक्काम करणाऱ्यांची अपेक्षा वेगळी असते. येथला निवारा म्हणजे तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू उघडी, उतरते छप्पर आणि झोपायला लाकडी फळ्यांचा ओटा. शेजारी खड्ड्याचे शौचालय आणि जवळपास झरा. पैसे द्यावे लागत नाहीत, नोंदणी नसते, आणि जो आधी येईल त्याला जागा मिळते. जून-जुलैमध्ये दक्षिणेकडून सलग चालत आलेल्यांची लाट येथे पोहोचते, तेव्हा आपला तंबू जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते. न्यू जर्सीत बहुतेक भागात ठरलेल्या जागांखेरीज मुक्काम करता येत नाही आणि शेकोटीला सक्त मनाई आहे. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवरच करावा लागतो.

या राज्यात काळी अस्वले भरपूर आहेत. त्यामुळे बहुतेक निवाऱ्यांपाशी जाड पोलादी पेट्या बसवलेल्या आहेत, आणि या संपूर्ण व्यवस्थेतली मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे त्या पेटीची कडी. ती उघडी नसते. पुढे आलेल्या पोलादी झाकणाखाली तळहात वर करून चार बोटे आत घालावी लागतात आणि आतली पट्टी वर ढकलावी लागते. अस्वलाचा पंजा तेवढ्या फटीत शिरत नाही. पेटीत फक्त जेवण ठेवून भागत नाही, टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचे मलम, वास येणारे सगळे काही ठेवावे लागते. घरून आणलेली लसणीची चटणी तर सर्वांत आधी. जेवणाच्या बाबतीत दुकानातल्या महागड्या वाळवलेल्या पाकिटांपेक्षा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू हा शिधा दोन दिवसांच्या टप्प्याला सर्व दृष्टींनी सरस आहे. त्याला शिजवावे लागत नाही, तो सॅकमध्ये चेपला तरी बिघडत नाही, आणि दुपारच्या मुक्कामी शेजारी बसलेला अनोळखी माणूस हमखास विचारपूस करतो.

वावायांडाच्या पुढे कातळावर रंगवलेली राज्यांची सीमारेषा ओलांडली की न्यूयॉर्क सुरू होते, आणि चालण्याची जात बदलते. येथे लांब धार नाही. शंभर फूट चढ, ऐंशी फूट उतार, पुन्हा चढ, मध्ये हातांनी धरून चढायचा कातळ, एखादी लोखंडी शिडी, असा क्रम दिवसभर चालतो. नकाशावरची उंचीची रेषा सौम्य दिसते आणि संध्याकाळी गुडघे वेगळेच सांगतात. न्यूयॉर्कमधल्या ट्रेलचे सर्वोच्च ठिकाण असलेले प्रॉस्पेक्ट रॉक केवळ 1,433 फुटांचे आहे, पण तेथून खाली ग्रीनवुड लेक पसरलेले दिसते आणि स्वच्छ दिवशी दूरवर मॅनहॅटनच्या इमारती ओळखू येतात. आदल्या संध्याकाळपर्यंत आपण त्यातल्याच एका इमारतीत कामाला होतो, हे आठवून गंमत वाटते. पुढे राज्यमार्ग 17-ए जवळच्या बेलव्हेल क्रीमरीत मिळणारे आइस्क्रीम चालणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी रास्त आहे.

हॅरिमन उद्यानातला भाग मला या दोन राज्यांत सर्वांत जास्त आवडतो. झाडे विरळ, त्यांच्याखाली गवत, मधूनमधून हिमनदीने आणून सोडलेले प्रचंड धोंडे, आणि 1920-30 च्या दशकांतले दगडी निवारे. ‘लेमन स्क्वीझर’ नावाची अरुंद घळ येथेच आहे. दोन कातळांच्या मधून सॅक पाठीवर ठेवून जाता येत नाही. ती काढून पुढे ढकलावी किंवा डोक्यावर धरावी लागते, आणि लगेच वर पुरुषभर उंचीचा कातळ चढावा लागतो. बाजूने सोपी वाटही आखलेली आहे आणि तसे तिथे लिहिलेलेही आहे, त्यामुळे ज्येष्ठांना बरोबर नेण्यास हरकत नाही. उणीव आहे ती पाण्याची. जुलै-ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमधले ओढे आटतात, निवारा आहे पण पाणी नाही अशी स्थिती येते, आणि रस्ता ओलांडतो त्या ठिकाणी कोणा भल्या माणसाने ठेवलेल्या पाण्याच्या कॅनांवर विसंबणे हे नियोजन म्हणता येणार नाही. प्रत्येकी तीन लिटर पाणी घेऊनच निघावे, आणि ओढ्याचे पाणी गाळल्याशिवाय पिऊ नये.

गोचिडांचा उल्लेख टाळता येत नाही. हरणांवरच्या बारीक, काळ्या पायांच्या गोचिडांमुळे होणारा लाइम रोग या पट्ट्यात सर्रास आढळतो, आणि मे ते जुलै या काळात त्यांची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असल्याने दिसतही नाहीत. पँट मोज्यांत खोचणे, कपड्यांवर आधीच पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारणे आणि घरी आल्यावर काखा, गुडघ्यांमागची बाजू आणि केसांची मुळे तपासणे हे तिन्ही करावे. माझ्या मते या भागासाठी सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा काळ सर्वोत्तम असला, तरी थंडीत गोचीड नसतात हा समज चुकीचा आहे. मोठी गोचीड शरद ऋतूतही चावते. शिवाय त्या दिवसांत शिकारीचा हंगाम असल्याने अंगात भडक नारिंगी रंगाचे काहीतरी असावे.

नकाशांपैकी ट्रेल कॉन्फरन्सचे न भिजणाऱ्या, न फाटणाऱ्या कागदावर छापलेले नकाशे मी फोनपेक्षा वरचे मानतो. सलग चालणारे बहुतेक जण फारआउट हे ॲप वापरतात, आणि कोणता झरा सध्या वाहतो आहे हे कालच तिथून गेलेल्या माणसाकडून कळावे यासाठी ते अतुलनीय आहे. परंतु ते वाटेला चिकटून राहते. तुकड्यांनी चालणाऱ्याला वाटेबाहेरचेच अधिक पाहावे लागते: जवळचे स्टेशन कोणते, कोणती उपवाट त्याला मिळते, पाऊस आला तर मधूनच कुठल्या रस्त्यावर उतरता येईल. हे कागदावर एका दृष्टिक्षेपात दिसते.

बेअर माउंटनचा टप्पा बहुतेक मराठी मंडळी सहलीच्या निमित्ताने आधीच पाहून आलेली असतात, आणि गर्दीमुळे नाके मुरडून आलेली असतात. तरीही तो वगळू नये, कारण या वाटेचा सर्वांत पहिला तुकडा 1923 मध्ये येथेच, बेअर माउंटन ते आर्डन असा खुला झाला. माथ्यावरून उतरणाऱ्या शेकडो दगडी पायऱ्या स्वयंसेवकांनी आणि कारागिरांनी घडवल्या आहेत. प्रत्येक पायरीचा ग्रॅनाइट छिन्नीने घडवलेला आहे आणि पाणी तुंबणार नाही अशा बेताने बसवलेला आहे. खाली वाट चक्क प्राणिसंग्रहालयातून जाते, आणि अस्वलांच्या कुंपणाजवळ 124 फूट ही संपूर्ण ॲपलेशियन ट्रेलची सर्वांत कमी उंची येते. संग्रहालय बंद झाले की फाटकही बंद होते आणि निळ्या पट्ट्यांच्या पर्यायी वाटेने जावे लागते. कुत्रा बरोबर असेल तर दिवसाही तेच करावे लागते. पुढे 1924 साली खुला झालेला हडसन नदीवरचा झुलता पूल पायी ओलांडायचा असतो. तो बांधला गेला तेव्हा आपल्या प्रकारात जगातला सर्वांत लांब होता.

आता टोके. एकट्याने टप्पे करणाऱ्याची खरी परीक्षा येथे होते. सर्वांत स्वस्त उपाय दोन कुटुंबांनी दोन गाड्या घेऊन जाण्याचा: एक गाडी या टोकाला, दुसरी त्या टोकाला, दोघांनी विरुद्ध दिशांनी चालायचे आणि मध्ये जेवायला भेटून किल्ल्यांची अदलाबदल करायची. ही युक्ती उत्तम आहे, पण त्यात सोबतीने चालण्याचा आनंद निम्मा होतो. शटल, म्हणजे वाटेच्या टोकाशी सोडणारी भाड्याची गाडी, चालवणारे स्थानिक लोक असतात आणि त्यांचे दर अंतरानुसार असतात. त्यांच्या बाबतीत एक नियम कटाक्षाने पाळावा: आपली गाडी शेवटच्या टोकाला उभी करावी, सकाळी शटलने सुरुवातीच्या टोकाला जावे आणि स्वतःच्या गाडीकडे चालत यावे. उलट केल्यास संध्याकाळी कोणाची तरी वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसण्याची पाळी येते. आदल्या दिवशी पक्की केलेली एक टॅक्सी सेवा मला 17-ए वर अंधार पडेपर्यंत तिष्ठत ठेवून अखेर ‘आज गाडी नाही’ असे कळवून मोकळी झाली. फोनवरून मागवायच्या टॅक्सी या रस्त्यांवर क्वचितच मिळतात, आणि खिंडीत फोनला रेंज असेलच असे नाही. रात्रभर गाडी ठेवण्याचे नियमही प्रत्येक उद्यानाचे वेगळे आहेत. फलक नीट वाचावा, नाहीतर दंडाची चिठ्ठी काचेवर लावलेली असते.

सार्वजनिक वाहतुकीच्या बाबतीत न्यू जर्सी निराशाजनक आहे. डेलावेअर वॉटर गॅप गावापर्यंत न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानकावरून बस येते. त्यानंतर धारेवरचे कोणतेही टोक गाडीवाचून गाठता येत नाही. हडसनच्या बाजूला परिस्थिती सुधारते. पोर्ट जर्विस रेल्वेमार्गावरच्या टक्सिडो स्टेशनवरून हॅरिमनच्या उपवाटा सुरू होतात, आणि पूल ओलांडल्यावर हडसन मार्गावरचे मॅनिटू हे छोटे स्टेशन चालण्याच्या अंतरावर येते, मात्र तिथे मोजक्याच गाड्या थांबतात.

आणि मग हार्लेम रेल्वेमार्गावर पॉलिंग गावाच्या पुढे ‘ॲपलेशियन ट्रेल’ याच नावाचे स्टेशन आहे, ज्याला मी या सर्व टोकांमध्ये पहिला क्रमांक देतो. स्टेशन म्हणजे शेताकडेला उभा केलेला, एका डब्याच्या दारापुरता लाकडी फलाट. तिकीट खिडकी नाही, छप्पर नाही. शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशीच गाडी थांबते; मॅनहॅटनमधल्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून सुमारे दोन तास लागतात आणि बहुधा साउथईस्ट स्टेशनला गाडी बदलावी लागते. कंडक्टरला आधी सांगून योग्य डब्यात बसावे, कारण इतर दारे उघडत नाहीत. उतरल्यावर रूळ ओलांडले की पांढरा पट्टा समोरच असतो आणि पाचव्या मिनिटाला आपण दलदलीवरच्या फळ्यांवर असतो. दक्षिणेकडे अडीच मैलांच्या आत रस्त्याच्या कडेला डोव्हर ओक हा प्रचंड घेराचा पांढरा ओक उभा आहे, आणि त्याच्याही पुढे न्यूक्लिअर लेक. या तळ्याच्या काठी अणुइंधनावर संशोधन करणारा कारखाना होता. 1972 मध्ये तेथे स्फोट झाला, नंतर जागा साफ करून राष्ट्रीय उद्यान सेवेने घेतली, आणि आज काठावर बीव्हरांनी कुरतडलेल्या बुंध्यांखेरीज संशय यावा असे काही नाही. तळ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत येणे हा दिवसभराचा कार्यक्रम होतो, आणि त्यासाठी ना दुसरी गाडी लागते, ना शटल. ज्याला ही वाट तुकड्यांनी चालून पाहायची आहे त्याने पहिला तुकडा हाच निवडावा. परतीच्या गाड्यांमध्ये बराच वेळ असतो, म्हणून वेळापत्रकाचे छायाचित्र फोनमध्ये घेऊन ठेवावे आणि शेवटच्या नव्हे, तर तिच्या आधीच्या गाडीच्या हिशेबाने मागे फिरावे.